तोल, लघवी आणि ओटीपोट: फिजिओथेरपीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्यात फिजिओथेरपिस्ट आहे. लोक गुडघा, कंबर, खांदा घेऊन येतात, व्यायाम शिकतात, चपला घालतात आणि दाराच्या कडीवर हात ठेवून हळूच म्हणतात, "अजून एक विचारायचं होतं." ते "अजून एक" बहुतेक वेळा लघवीचं असतं, नाहीतर तोल जाण्याचं. खालचे प्रश्न सगळे त्या दारातले आहेत. दारात उभ्या उभ्या दोन मिनिटांत त्यांची उत्तरं देता येत नाहीत, म्हणून इथे सवडीने लिहिते आहे.

तोल जाणं आणि लघवी सुटणं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध?

रात्री पडलेल्या माणसाला मी सगळ्यात आधी विचारते, "कुठे निघाला होतात?"

दांडिया बाजारातल्या एक आजी दोन महिन्यांत दोनदा पडल्या. घरच्यांनी काठी आणली, न्हाणीघरात रबरी चटई टाकली, चकरा येतात म्हणून गोळ्या सुरू केल्या. दोन्ही वेळा रात्रीचे तीन-साडेतीन वाजले होते. नातसून पाणी आणायला आत गेली तेव्हा आजींनी खरं सांगितलं. लागली की धीर धरवत नाही, अंथरूण ओलं होईल या धास्तीने अंधारातच धावत सुटते, दिव्याच्या बटणापर्यंतही थांबत नाही. काठी पलंगाच्या कठड्याला अडकवलेलीच राहायची. त्यांचा तोल थोडा कमी होताच, पण त्यांना पाडलं ते घाईने. आम्ही दोन्हींवर काम केलं. घाई आवरायचे उपाय, पायांचे व्यायाम आणि पलंगाजवळ रात्रभर जळणारा छोटा दिवा.

हा झाला एक संबंध. दुसरा शरीराच्या आतला आहे. फडताळावरचा डबा काढायला हात वर करता ना, तेव्हा हात हलायच्या आधीच ओटीपोटाच्या तळाचे स्नायू किंचित आवळले जातात. वर श्वासाचा पडदा, खाली हा तळ, पुढे पोटाचा खोल स्नायू आणि मागे मणक्याला चिकटलेले बारीक स्नायू, असा हा चौघांचा डबा आहे. शरीर डगमगू लागलं की हे चौघं मिळून धड सावरतात. एक ढिला पडला की बाकीच्यांवर ताण येतो. म्हणून तोलाची तक्रार घेऊन आलेल्या बाईला मी लघवीचं विचारते, आणि लघवीची तक्रार घेऊन आलेलीला एका पायावर उभी करून बघते.

ओटीपोटाचा तळ म्हणजे नक्की काय?

पुढचं जांघेतलं हाड आणि मागचं माकडहाड यांच्यामध्ये बांधलेली स्नायूंची झोळी समजा. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात. तिने ते वर धरून ठेवायचे, खालची दारं बंद ठेवायची आणि वेळ आली की सैल पडून ती उघडायचीही. हे सैल पडणं लोक विसरतात, त्याबद्दल पुढे सांगते. झोळी पुरुषांनाही असते, फक्त त्यांच्यात गर्भाशय नसतं आणि प्रोस्टेट ही ग्रंथी असते.

खोकताना, शिंकताना, गरबा खेळताना लघवी होते. वय झालं म्हणून सोडून द्यायचं का?

नाही. हे मी दरवर्षी भाद्रपदात सांगते, कारण नवरात्र जवळ आलं की हा प्रश्न येतो. आमच्या शहरात नऊ रात्री गरब्याशिवाय राहणं म्हणजे काय, हे बडोद्याबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. चाळिशीतल्या बाया मला सांगतात, "दोन टाळ्यांचा गरबा चालतो हो, पण उडी आली की मी रिंगणातून बाहेर." कोणी पॅड लावून खेळते, कोणी संध्याकाळपासून पाणी सोडते, आणि बऱ्याच जणी "आता आवड राहिली नाही" असं सांगून घरी बसतात. आवड असते हो. चणिया-चोळी कपाटात इस्त्री करून ठेवलेली असते.

उडी, खोकला, शिंक, हसणं, बादली उचलणं यात पोटातला दाब एकदम वाढतो. तळाचा स्नायू त्या क्षणी दार बंद धरू शकला नाही की थेंब सुटतात. बाळंतपण, रजोनिवृत्ती, वाढलेलं वजन, वर्षानुवर्षांचा खोकला, बद्धकोष्ठ ही नेहमीची कारणं. या तक्रारीवर पहिला उपाय म्हणजे तळाच्या स्नायूंचा व्यायाम, ऑपरेशन नंतरची गोष्ट. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये याबद्दल लिहिलं, म्हणून याला केगल व्यायाम म्हणतात.

मात्रा साधारण अशी: एका वेळी निदान आठ आकुंचनं, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. आधी तीन सेकंद धरता येईल, मग पाच, हळूहळू आठ-दहा. प्रत्येक वेळी जितका वेळ धरलं तितका वेळ पूर्ण सोडायचं. आषाढी एकादशीला सुरुवात केलीत तर घटस्थापनेपर्यंत जवळजवळ तीन महिने हाती येतात. पंधरा दिवसांत फरक नाही पडला म्हणून सोडू नका. स्नायू आहे, तो आपल्या गतीनेच भरतो.

याच्या जोडीला एक युक्ती आहे, ती मात्र शिकल्या दिवसापासून उपयोगी पडते. शिंक येणार असं वाटलं की शिंकेच्या आधी तळ आवळायचा आणि शिंक होऊन जाईपर्यंत धरायचा. बादली उचलण्याआधी तेच, खुर्चीतून उठताना तेच. सुरुवातीला आठवण ठेवावी लागते, मग शरीरच करतं.

मी बरोबर आवळते आहे की नाही, हे कसं कळणार?

चारचौघांत बसलेलं असताना गॅस अडवायचा असेल तर जे कराल, ते मागून सुरू करा आणि ती ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा. आत आणि वर, असं वाटलं पाहिजे. हाताने आरसा धरून बघितलंत तर दोन्ही दारांमधली जागा आत ओढली गेलेली दिसेल. ती बाहेर फुगत असेल तर तुम्ही आवळत नसून खाली जोर करताय. हे फार जणींचं होतं, आणि त्यांना महिनोन् महिने व्यायाम करून उलटाच परिणाम मिळतो. श्वास कोंडला जात असेल, ढुंगण किंवा मांड्या घट्ट होत असतील, तरी चुकतंय. मी तर व्यायाम करता करता मोठ्याने आकडे मोजायला लावते, म्हणजे श्वास कोंडायची सोयच राहत नाही.

लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करायचा, असा सल्ला अजूनही फिरतो. तो पाळू नका. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागते.

मी योगासनांच्या वर्गात मूलबंध आणि अश्विनी मुद्रा करते. तेच ना हे?

जवळचं आहे, त्यातही तळच आवळतात, आणि ज्यांना मूलबंध येतो त्यांना हा व्यायाम लवकर जमतो. फरक मात्रेचा आहे. तुमच्या स्नायूची ताकद तपासून किती सेकंद, किती वेळा, झोपून की उभ्याने, हे ठरवावं लागतं.

मग सगळ्यांनीच केगल करावेत का?

इथे थांबून वाचा, कारण याबाबतीत भलेभले चुकतात. तळ ढिला असल्यामुळे जशा तक्रारी येतात, तशाच तो सतत आखडलेला असल्यामुळेही येतात. लघवीला बसलं तरी धार सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला कुंथावं लागतं, माकडहाडाभोवती ठणकतं, ओटीपोटात बोथट दुखत राहतं, पती-पत्नीच्या संबंधात दुखतं किंवा ते शक्यच होत नाहीत. अशा बाईला "केगल कर" सांगणं म्हणजे मुठीत गोळा आलेल्या हाताला आणखी मूठ आवळायला सांगणं.

लग्नाला दोन-तीन वर्षं झालेल्या मुली माझ्याकडे येतात, बऱ्याचदा सासूबाईंनी "मूल का नाही" म्हणून डॉक्टरांकडे पाठवल्यावर. आत शिरतानाच योनीचे स्नायू आपोआप घट्ट मिटतात, आणि त्या मुलीला वाटत असतं की दोष आपल्या मनात आहे, नाहीतर आपल्या शरीराची रचनाच वेगळी आहे. दोष कोणाचाच नाही. यावर उपाय आहेत: पोट फुगवून सावकाश श्वास घेताना तळ सोडायला शिकणं, उकिडवं बसून किंवा बालासनात तो ताणणं, स्नायूतल्या दुखऱ्या गाठी हाताने सोडवणं, आणि लहानापासून मोठ्यापर्यंतच्या नळ्या स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गतीने वापरून शरीराला भीती सोडायला शिकवणं. वेळ लागतो. नवऱ्याने एकदा तरी सोबत येऊन सगळं ऐकावं, असा माझा आग्रह असतो. सोबत समुपदेशनही लागू शकतं.

सारखी लागते. घराच्या कुलपात किल्ली घातली की धीर सुटतो. पाणी कमी पिऊ का?

पाणी कमी केलंत तर लघवी गडद होते, मूत्राशयाला टोचते आणि घाई वाढते. बद्धकोष्ठ वाढतं ते वेगळंच. बडोद्याच्या वैशाखात पाणी तोडणं तर धोक्याचंच. फार तर झोपण्याआधीच्या दोन तासांत कमी प्या, आणि दिवसातला चौथा-पाचवा चहा सोडा. चहा-कॉफीने घाई वाढते.

आधी लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग आणि साखर बघून घ्या. ते नसेल तर तीन दिवस वही ठेवा. किती वाजता गेलात, किती झाली, किती प्यायलात, कधी सुटली. मोजायला स्वयंपाकघरातलं जुनं माप वेगळं काढून ठेवा. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली मावतं आणि दिवसात सहा ते आठ वेळा जाणं नेहमीचं आहे. वहीत दर वेळी ८०-१०० मिलीच दिसत असेल तर मूत्राशय भरण्याआधीच घंटा वाजतेय. "बाहेर निघतेच आहे तर जाऊन येते" या सवयीने ही घंटा लवकर वाजायला शिकते. आपण मुलींना शाळेत जाताना, लग्नाला जाताना, बसमध्ये बसताना हेच शिकवत आलो, कारण बाहेर स्वच्छ संडास मिळेल याची खात्री नसते. तक्रारीचं मूळ कधी कधी तिथे असतं.

उपाय म्हणजे दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवणं. सध्या दर तासाला जात असाल तर सव्वा तासावर जायचं, ते सोसू लागलं की दीड तास. निदान सहा आठवडे. मध्येच घाईची लाट आली की पळायचं नाही. जागच्या जागी थांबा किंवा बसा, तळ झटपट पाच-सहा वेळा आवळा-सोडा, श्वास चालू ठेवा, मनात पाढा म्हणा. लाट चढते आणि उतरते. उतरल्यावर चालत जा. पळालात तर पोट हिंदकळतं, घाई दुप्पट होते आणि वयस्कर माणूस असेल तर पडतो.

अंग बाहेर येतं. डॉक्टर म्हणतात पिशवी काढा. व्यायामाने होणार नाही का?

बडोद्यात गर्भाशयाला कोणी पिशवी म्हणतं, कोणी गुजरातीतून कोथळी म्हणतं. किती उतरली आहे यावर उत्तर आहे. सुरुवातीच्या टप्प्यात, म्हणजे अंग योनीच्या तोंडापर्यंत येतं पण फारसं बाहेर येत नाही तेव्हा, व्यायामाने जडपणा आणि खाली ओढल्यासारखं वाटणं कमी होतं. पूर्ण बाहेर आलेलं अंग मात्र व्यायामाने वर जाईल असं मी कोणालाही सांगणार नाही. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञांचं काम आहे. ऑपरेशन नको असेल किंवा प्रकृतीमुळे करता येत नसेल तर आत बसवायची सिलिकॉनची रिंग मिळते. ती डॉक्टरांकडून मापाने बसवून घ्यावी लागते. ऑपरेशन करायचं ठरलं तरी आधी आणि नंतर तळाचे व्यायाम करा, कारण ज्या ओझ्याने अंग उतरलं ते ओझं ऑपरेशनने जात नाही.

ते ओझं बऱ्याचदा संडासातलं असतं. कमोडवर बसत असाल तर पायांखाली जेवायचा पाट ठेवा. गुडघे कमरेच्या वर आले, थोडं पुढे वाकलं, की मार्ग सरळ होतो आणि कुंथावं लागत नाही. इतका साधा उपाय, पण यासाठी मला जितके आशीर्वाद मिळालेत तितके कुठल्याच मशीनच्या उपचाराने मिळाले नाहीत. घडा किंवा सिलिंडर उचलताना श्वास रोखू नका, उचलतानाच सोडा.

कूस बदलली की घर गरगर फिरतं. हे मानेच्या सर्व्हायकलमुळेच ना?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे चक्कर म्हटली की मानेचा एक्स-रे आणि गळ्यात पट्टा, असं समीकरणच झालं आहे. चाळिशीनंतर एक्स-रेमध्ये मान झिजलेली दिसतेच, चक्कर असो वा नसो.

गादीवर कूस बदलताना, सकाळी उठताना, वरचा डबा काढायला मान वर करताना किंवा वाकल्यावर काही सेकंद खोली फिरते आणि मग थांबते, असं असेल तर दोष कानात असण्याची शक्यता मोठी आहे. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक खडे असतात. ते आपल्या जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं हलवल्यावर नळीतलं द्रव खोटा संदेश पाठवतं. आम्ही रुग्णाला मान वळवून झटकन आडवं करतो आणि डोळे बघतो. बुबुळं विशिष्ट दिशेने फडफडली की कुठल्या कानात, कुठल्या नळीत खडे आहेत ते कळतं. मग डोकं ठराविक क्रमाने वळवत ते खडे पुन्हा मूळ जागी घरंगळवायचे. ही कृती अमेरिकेतले कानतज्ज्ञ जॉन एपली यांच्या नावाने ओळखली जाते. बहुतेकांना एक ते तीन बैठकांत बरं वाटतं. वर्षभर गोळ्या खाल्लेला माणूस पंधरा मिनिटांत उठून बसतो आणि भिंतीकडे बघत राहतो, ती फिरत नाही याची खात्री करत.

व्हिडिओ बघून घरी करू नका. बाजू आणि नळी कुठली, ते आधी कळलं पाहिजे. आणि चक्करच्या गोळ्या पहिल्या काही दिवसांच्या मळमळीसाठी ठीक आहेत, पण त्या महिनोन् महिने चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. त्यातल्या काहींमुळे मेंदूची स्वतः सावरायची क्रिया मंदावते.

घर फिरत नाही, पण चालताना झोक जातो. तुम्ही यात काय तपासता?

तोल तीन ठिकाणच्या बातम्यांवर टिकतो: डोळे, आतला कान आणि पायांचे तळवे-सांधे. त्यातली कुठली बातमी येत नाहीये, ते शोधायचं. बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो, अंधारात जास्त जातो, असं कोणी सांगितलं की मी पायांकडे वळते. मधुमेहाने किंवा ब जीवनसत्त्वाच्या कमतरतेने तळवे बधिर झालेले असतात आणि माणूस डोळ्यांच्या आधारावर चालत असतो. डोळे मिटले की तोही आधार जातो. नायलॉनच्या बारीक तारेने तळव्याला स्पर्श करून बघता येतं.

मग खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून दहा सेकंद उभं राहता येतं का, ते बघायचं. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत रक्तदाब मोजायचा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर दोष पायांत नाही, रक्तदाबात आहे, आणि तो डॉक्टरांचा विषय. झोपेच्या गोळीबद्दलही मी न चुकता विचारते.

मी रोज कामाटी बागेत तासभर चालते. तेवढं पुरेसं नाही का?

चालणं सोडू नका. पण सपाट, ओळखीच्या वाटेवर चालताना तोलाला शिकायला काही मिळत नाही. तो डगमगण्याच्या काठावर नेऊन परत आणला तरच सुधारतो. जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांवरच्यांसाठी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम सांगितले आहेत, चालण्याखेरीज.

स्वयंपाकघरातला ओटा यासाठी उत्तम जागा. कुकरच्या शिट्या होईपर्यंत ओट्याला बोटं टेकून टाचा उचला, मग एका पायावर उभ्या राहा, मग टाच-अंगठा एका रेषेत चाला. आठवड्याने दहा बोटांची चार करा, मग दोन. हाताशिवाय खुर्चीतून उठा-बसा दहा वेळा. कानाच्या दोषात नजर एका ठिकाणी रोखून मान डावी-उजवी हलवायचे व्यायाम वेगळे असतात, ते तपासणीनंतरच.

आपल्या घरांत एक गोष्ट हमखास असते, तिच्याबद्दल सांगून ठेवते: झोपाळा. तो हलता असताना उतरू नका. पाय टेकून पूर्ण थांबवा, कड्या धरा, दोन श्वास बसून राहा, मग उठा. जुन्या वाड्यातला उभा लाकडी जिना असेल तर वरून लोंबणाऱ्या दोराच्या भरवशावर राहू नका, तो हातात झोका खातो. भिंतीला कठडा ठोकून घ्या.

बाळंतपणानंतर व्यायाम कधी सुरू करायचे?

तळ हलकेच आवळणं-सोडणं दुसऱ्या दिवसापासून चालतं, टाके असले तरी. लघवीची नळी लावलेली असेल तर ती निघेपर्यंत थांबा. सिझेरियन झालं म्हणून तळ वाचला असं नाही, नऊ महिन्यांचं ओझं त्यानेच पेललेलं असतं. पोटपट्ट्याने आधार वाटतो, पण फार घट्ट आवळला तर दाब खाली जातो. पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले असतील तर आडवं पडून धड उचलायच्या व्यायामाची घाई नको. पळणं, उड्या तीन महिन्यांच्या आधी नकोत.

माझ्या स्वतःच्या बाळंतपणानंतर शिंकेसरशी लघवी व्हायची. मी हेच शिकले होते, तरी चार महिने कोणाला बोलले नाही. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, मालिश, सगळं प्रेमाने झालं. लघवीचं मात्र मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. म्हणून आता प्रत्येक बाळंतिणीला मीच आधी विचारते.

पुरुषांनाही याचा उपयोग होतो का?

हो. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर, विशेषतः कर्करोगामुळे ग्रंथी पूर्ण काढल्यावर, काही महिने लघवी गळू शकते. ऑपरेशनच्या आधीच व्यायाम शिकून घेतला तर नंतर स्नायू सापडायला सोपं जातं. काका लोक इथे बायकोला पुढे करतात: "ह्यांना विचारायचंय." ह्यांनी स्वतः विचारावं.

तपासणीत नेमकं काय करतात? मला फार संकोच वाटतो.

पहिला अर्धा तास नुसतं बोलणं. मग श्वास, पोट, कंबर, उभं राहणं. आतून तपासणी हातमोजा घालून एका बोटाने होते, आणि ती तुमच्या संमतीशिवाय होत नाही. सोबत बहीण, आई, कोणीही बसू शकतं. मध्येच "थांबा" म्हटलं की थांबायचंच. अविवाहित मुलींना किंवा ज्यांना नको आहे त्यांना बाहेरून बघून, सोनोग्राफीने किंवा नुसत्या सूचनांवर व्यायाम शिकवता येतो. नकार दिलात म्हणून उपचार नाकारणारी व्यक्ती भेटली तर दुसरीकडे जा.

कधी फिजिओथेरपिस्टकडे न येता थेट हॉस्पिटल गाठावं?

चक्करबरोबर बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं झालंय, हात-पाय लुळा पडलाय, एकाचे दोन दिसताहेत किंवा आयुष्यात कधी नव्हतं असं डोकं दुखतंय: १०८ ला फोन करा, मिनिटंही मोजू नका. कंबरदुखीबरोबर सायकलची सीट टेकते तो भाग बधिर झाला, लघवी तुंबली किंवा शौचावरचा ताबा गेला, तरी त्याच दिवशी. लघवीत रक्त, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव, ताप आणि कुशीत दुखणं, पडताना डोक्याला मार, हेही आधी डॉक्टरांना दाखवा.

कोणाकडे जावं, किती दिवस लागतात आणि येताना काय आणू?

फिजिओथेरपीची पदवी आणि गुजरातच्या राज्य परिषदेची नोंदणी आहे का, ते विचारा. ओटीपोटाच्या कामाचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, तेही विचारा, कारण ते सगळ्यांनी घेतलेलं नसतं. खर्च जड असेल तर सरकारी सयाजी हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात जा. कानाच्या खड्यांना एक ते तीन बैठका, तोलाला दोन-तीन महिने, तळाच्या स्नायूंना निदान तीन. रोज येण्याची गरज नसते. आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी, बाकी घरी तुमचं तुम्ही.

येताना सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत घालून आणा. नावं आठवायला नकोत. चष्मा आणा, तीन दिवसांची वही आणा. आणि नवी चप्पल घालून येऊ नका. घरात जी झिजलेली घालता, तीच घालून या, मला तिचा तळवा बघायचा असतो.